मोझेल नोंद: श्पेटलेझचं कोडं एपी नंबराने सुटलं

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या वाइनबद्दल मागच्या नोंदीपासून अडून बसलेलं कोडं सुटलं. वाइनगुट (वाइन बनवणारं घर) एकच, मळा एकच, साल एकच, दोन्ही लेबलांवर ‘रिसलिंग श्पेटलेझ’ (रिसलिंग हे पांढरं द्राक्ष, श्पेटलेझ म्हणजे उशिराची तोडणी); तरी एक बाटली टोकदार आणि हलकी, दुसरी चांगलीच गोड. तापमान, बूच, ग्लास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. उत्तर लेबलावरच्या सगळ्यात बारीक ओळीत होतं.

ती ओळ म्हणजे एपी नंबर, सरकारी तपासणीचा क्रमांक. क्वालिटेट्सवाइन आणि प्रेडिकाट्सवाइन या जर्मन वाइनच्या दोन वरच्या दर्जांवर तो असतोच. वाचायचा उजवीकडून. शेवटचे दोन आकडे तपासणीचं वर्ष. त्याच्या लगेच डावीकडे त्या वाइनगुटने त्या वर्षी तपासणीला दिलेल्या वाइनचा अनुक्रम. त्याहून डावीकडे तपासणी केंद्र, गाव आणि बाटली भरणारा. हा भाग एका वाइनगुटच्या बाटल्यांवर सहसा तोच राहतो. म्हणजे २०२३ च्या एका बाटलीवर शेवटी ‘०५ २४’ आणि दुसरीवर ‘१० २४’ असेल, तर ती दोन वेगळी भरणं आहेत, म्हणजे बाटल्या वेगवेगळ्या वेळी भरलेल्या.

फरक पडतो कारण मोझेलचं पारंपरिक पिंप, फुडर, साधारण १००० लिटरचं असतं. नैसर्गिक यीस्टवर प्रत्येक फुडर आपापल्या गतीने आंबतं. एखादं लिटरमागे ७० ग्रॅम साखरेवर थांबतं, शेजारचं ८५ वर. काही घरं ती एकत्र करतात, काही वेगळी भरतात. विली शेफर या वाइनगुटची ग्राखर डोमप्रोब्स्ट (ग्राख गावचा डोमप्रोब्स्ट मळा) श्पेटलेझ ५ नंबर आणि १० नंबर अशीच ओळखली जाते, आणि जाणकार नंबर सांगूनच मागतात. मात्र नंबर मोठा म्हणजे वाइन वरची, असं अजिबात नाही. शिवाय एकच वाइन दोनदा भरली तरी दोन नंबर पडू शकतात. त्यामुळे नंबर जुळला तर भरण नक्की एकच. नाही जुळला तर चाखून बघायचं.

आता गोडीचा हिशेब. श्पेटलेझ हा शब्द द्राक्षं तोडतानाच्या साखरेबद्दल आहे, बाटलीतल्या साखरेबद्दल नाही. म्हणून आधी अल्कोहोल बघा. ७.५ ते ९ टक्के असेल तर गोड, ११.५ च्या वर असेल तर बहुतेक ट्रोकन (कोरडी, गोडी नसलेली), मधलं सगळं हाल्बट्रोकन (अर्धकोरडी) किंवा फाइनहेर्बच्या (किंचित गोड) आसपास. फाइनहेर्बला कायद्यात ठरलेली मर्यादाच नाही, त्यामुळे त्या शब्दावर विसंबू नका. ट्रोकनची मर्यादा लिटरमागे ४ ग्रॅम साखर, आणि आम्लता पुरेशी असेल तर ९ पर्यंत.

आणखी नेमकं हवं असेल तर वाइनगुटला तोडणीचे एक्सले (रसातली साखर मोजायचं माप) विचारा. ९० एक्सलेच्या रसात पूर्ण आंबल्यावर सुमारे १२.२ टक्के अल्कोहोल होतं. लेबलवर ८ असेल तर उरले ४.२, एका टक्क्याला साधारण १७ ग्रॅम धरले की सुमारे ७० ग्रॅम. गोची एकच: लेबलवरचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या टप्प्यांत लिहितात, त्यामुळे आठेक ग्रॅम इकडेतिकडे होणारच. आणि ८ ग्रॅम आम्लतेपुढे ७० ग्रॅम साखर कागदावर वाटते तेवढी जिभेला लागत नाही.

मोझेलच्याच मार्कुस मोलिटोर या वाइनगुटची पद्धत मला फार आवडते: बुचावरचं पांढरं कॅप्सूल (वेष्टन) ट्रोकन, हिरवं मधलं, सोनेरी गोड. सगळ्यांनी उचलावी अशी.

ताज्या बाटलीला जळक्या काडेपेटीचा वास आला तर फेकू नका. नैसर्गिक यीस्टवरच्या तरुण रिसलिंगमध्ये तो येतो. बूच लावून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, बहुतेक वेळा उडून जातो. प्यायची १० अंशांना; त्याहून थंड केली तर आम्लताच तेवढी कळते.

पुढचा टप्पा ऱ्हाइनगाउ हा दुसरा वाइनप्रदेश ठरला होता, तिथली क्लोस्टर एबरबाख आणि श्लोस योहानिसबर्ग ही जुनी वाइनठिकाणं. तो पुढे ढकलतो आहे. नंबरांचा उलगडा झाल्यावर बेर्नकास्टेल ते त्सेल्टिंगन हा सलग उतार आधी नीट बघायला हवा. रेल्वे विटलिखपर्यंत, तिथून बेर्नकास्टेल-कुएसची बस, पुढे पायी एकेक मळा: डॉक्टर, हिमेलराइख, डोमप्रोब्स्ट, जोसेफ्सहोफर, सोनेनउअर. वेलेन गाव नदीच्या पलीकडच्या काठावर आहे आणि वेलेनर सोनेनउअर मळा अलीकडे. नकाशात गाव बघून निघालात तर पूल ओलांडून परत यावं लागेल. लहान वाइनगुटमध्ये आधी वेळ घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीत तर मुळीच नाही.

खरेदी शक्यतो थेट वाइनगुटमधूनच करा. सुपरमार्केटमध्ये ‘पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग’ दिसेल. ते गोल्डट्रॉप्फशेनसारख्या एका मळ्याचं नाव नाही, अनेक गावांच्या मळ्यांना मिळून १९७१ च्या कायद्यातली मोठी पाटी आहे. २०२६ च्या तोडणीपासून अशा नावांच्या आधी ‘रेगिओन’ (प्रदेश) लिहावं लागेल, तेव्हा तरी घोळ कमी होईल.

हे लिहितानाच सुचलं: भारतात परतताना माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. ७५० मिलिच्या दोन आणि आउसलेझची (श्पेटलेझच्या वरची पायरी) ३७५ ची एक, मिळून १८७५ मिलि. त्या दोन मोठ्या बाटल्या एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या, पण वेगळ्या एपी नंबरच्या घ्यायच्या. दोन्ही एकाच दिवशी, एकाच तापमानाला उघडू. चवीच्या नोंदी साखर आणि आम्लतेच्या आकड्यांसह पुढच्या भागात.