शॉर्टवेव्हची वही

विज्ञान मंडळातल्या ज्या मुलांना रेडिओचा नाद लागला, त्यांना अमेरिकेतल्या मुलांसारखं सिटिझन बँडवर, म्हणजे सामान्य लोकांना आपसात बोलायला ठेवलेल्या रेडिओच्या पट्ट्यावर, एकमेकांशी बोलता येत नव्हतं. 27 मेगाहर्ट्झचा तो बँड आपल्याकडे विनापरवाना खुला झाला तो 2005 मध्ये. हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ ऑपरेटर, व्हायचं तर तेव्हा परीक्षा आणि मोर्स कोड. ऐकायला मात्र पोस्टातलं रेडिओचं लायसन्स पुरत असे आणि ते घरोघरी असायचंच. म्हणून आमचा छंद डीएक्सिंगचा: शॉर्टवेव्हवर दूरचं स्टेशन पकडायचं, त्याला रिपोर्ट पाठवायचा आणि तो तपासून त्यांनी क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पावती, धाडायचं. यात कानाइतकीच वही महत्त्वाची.

आधी एरियल. पंधरा ते वीस मीटर तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनीमातीचे इन्सुलेटर, आणि जमेल तेवढी उंची. तार विजेच्या तारांना समांतर गेली की गुणगुण आलीच. काटकोनात नेली तर बरीच कमी होते. एक टोक झाडाला असेल तर तार ताणून बांधू नये, वाऱ्यात तुटते. थोडा झोळ ठेवावा. साध्या ट्रान्झिस्टरला एरियलचं सॉकेट नसतं, तेव्हा खाली आणलेल्या कव्हरच्या वायरचे चार-पाच वेढे टेलिस्कोपिक दांडीवर द्यायचे. तार सरळ दांडीला जोडली की सेट गुदमरतो: जवळचं मीडियमवेव्ह स्टेशन शॉर्टवेव्हवर जागोजागी उमटतं. तरी जोडायचीच असेल तर मधे 47 ते 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकावा. आणि वळवाचे ढग दिसताच एरियल सेटपासून सोडवून बाहेरच अर्थला जोडायची. यात हयगय नको.

कधी कुठे ऐकायचं, हे ऊन ठरवतं. दिवसा वातावरणाचा आयनांचा खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, म्हणून भरदुपारी 19, 16 आणि 13 मीटरचे बँड (मीटर जितके कमी, तितकी फ्रिक्वेन्सी जास्त). अंधार पडला की तो थर विरतो आणि 49, 41, 31 मीटर जागे होतात.

खरी अडचण डायलची. दोन बँडच्या सेटवर काटा केसभर हलला तरी पन्नास किलोहर्ट्झचा फरक पडतो, मग रिपोर्टमध्ये फ्रिक्वेन्सी लिहायची कोणती? यावर आलेखाच्या कागदाची पट्टी हा रामबाण उपाय. मिलिमीटरची पट्टी डायलखाली चिकटवायची. जी स्टेशनं स्वतःची फ्रिक्वेन्सी सांगतात, त्यांच्या जागी काटा किती मिलिमीटरवर येतो ते वहीत टिपायचं. 10 मेगाहर्ट्झवर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे वेळेचे ठोके लागायचे, ती तर पक्की खूण. अशा सात-आठ बिंदूंतून वक्र काढला की अनोळखी स्टेशनचा आकडा वाचता येतो. वक्र प्रत्येक सेटचा वेगळा. मित्राचा चालत नाही.

तरीही फसगत करणारी एक गोष्ट म्हणजे इमेज, एकाच स्टेशनची डायलवर भलत्या जागी उमटणारी नक्कल. बहुतेक सेटची आयएफ (सेट आलेला सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) 455 किलोहर्ट्झ असते, त्यामुळे जोरदार स्टेशन आपल्या खऱ्या जागेच्या 910 किलोहर्ट्झ खालीही ऐकू येतं. 9740 चं दणदणीत स्टेशन 8830 वर वाजताना ऐकून ‘नवीन स्टेशन सापडलं’ असं वाटतं. ब्रॉडकास्ट बँडच्या बाहेर काही लागलं की आधी 910 मिळवून तिथे तेच चालू आहे का ते पाहावं. तसं असेल तर वरचीच जागा खरी.

रिपोर्टमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत: आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. इथे तारखेचा घोळ होतो: 15 जानेवारीच्या पहाटे चारला ऐकलेलं यूटीसीत 14 जानेवारी, 22:30. मग सिन्पो, म्हणजे कसं ऐकू आलं ते सांगणारे पाच आकडे, प्रत्येकी एक ते पाच गुण: सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा. सगळीकडे पाच-पाच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. खरखरीला दोन दिले असतील तर एकूण दर्जा चार कसा होईल? पाच किलोहर्ट्झ अंतरावरून कोणतं स्टेशन घुसतंय ते नावानिशी लिहिलं, तर तिथल्या इंजिनिअरला ते कामाचं. कार्यक्रमाचा तपशील निदान पंधरा-वीस मिनिटांचा हवा: कोणत्या मिनिटाला बातम्या संपल्या, कोणत्या गावाचं नाव आलं, गाणं बाईचं की बुवाचं. भाषा कळत नसली तरी एवढं लिहिता येतं. ‘कार्यक्रम फार आवडला’ एवढ्यावर बहुधा कार्यक्रमपत्रिका यायची, कार्ड नाही. लहान स्टेशनला परतीच्या टपालासाठी पोस्टातलं इंटरनॅशनल रिप्लाय कूपन जोडायचं.

आजच्या मुलांनाही हे करता येईल. स्टेशनं कमी झाली; रेडिओ नेदरलँड्सने 2012 मध्ये शॉर्टवेव्ह सोडली, बीबीसी हिंदीने 2020 मध्ये. पण चीनची स्टेशनं रोज संध्याकाळी जोरात लागतात. आता खरा शत्रू घरातलाच: एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर. सेट सेलवर चालवावा, घरातल्या वस्तू एकेक करून बंद कराव्यात आणि खरखर कशाने थांबते ते पाहावं. नाहीच थांबली तर सेट घेऊन मैदानाच्या मध्यावर जावं, इमारतींपासून दूर. दहा मीटर वायर गवतावर नुसती पसरली तरी संध्याकाळी सातनंतर 31 मीटरवर बरंच काही लागतं.