तुलुमच्या किनाऱ्यावरचं बुटीक हॉटेल: पैसे भरण्याआधी काय विचारायचं

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, किंताना रू राज्यात, कानकूनपासून साधारण १३० किलोमीटर दक्षिणेला तुलुम आहे. कानकूनला शेकडो खोल्यांची हॉटेलं. मनगटावर पट्टा बांधला की खाणंपिणं सगळं त्यातच. तुलुमचा किनारा मात्र पंधरा-वीस खोल्यांच्या, लाकूड आणि झावळ्यांच्या छोट्या हॉटेलांचा. खोल्या देखण्या असतात, त्यात वाद नाही. प्रश्न खोलीमागच्या व्यवस्थेचा असतो: वीज कुठून येते, पाणी कुठून येतं, समोरची वाळू रोज सकाळी कोण साफ करतं. मोठ्या हॉटेलात हे तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, छोट्यात पोहोचतंच. म्हणून ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एजंटाकडून बुकिंग करत असलात तरी हे प्रश्न हॉटेललाच थेट मेसेज करून विचारा. एजंटाकडे उत्तरं नसतात.

पाण्याचं दुखणं घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना समजावून सांगायला नको. युकातान द्वीपकल्प चुनखडीचा आहे. पडलेला पाऊस सरळ जमिनीत झिरपतो, वर वाहणाऱ्या नद्या जवळपास नाहीतच. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो आणि किनाऱ्यालगत हा थर पातळ असतो. उपसा वाढला की खारं पाणी वर सरकतं. त्यामुळे काही हॉटेलांत शॉवरला मचूळ, जड पाणी येतं: साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. काही जण टँकर मागवतात. तेव्हा पहिला प्रश्न ‘शॉवरचं पाणी गोडं आहे का?’ हाच. नळाचं पाणी प्यायचं नाहीच. खोलीत किंवा मजल्यावर २० लिटरचा जार असतो का आणि तो भाड्यात धरलाय का, हेही विचारून घ्या, नाहीतर दर बाटलीचे वेगळे पैसे पडतात.

सांडपाण्याचंही तेच. बऱ्याच जागी सेप्टिक टाकी असते, त्यामुळे टॉयलेट पेपर कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. जेट स्प्रे मिळणार नाही. दाबून फवारा मारायची प्रवासी बाटली इथूनच न्या, मोठी सोय होते.

किनाऱ्यावरच्या रस्त्याला वर्षानुवर्षं सरकारी वीज नव्हती. हॉटेलं सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटरवर चालत आली आहेत. त्यामुळे ‘एसी आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. चोवीस तास चालतो की फक्त रात्री? जनरेटर कुठल्या बाजूला आहे? त्याला लागून असलेली खोली स्वस्तात मिळते ती उगाच नाही. शेजारी बीच क्लब असेल तर गाणी किती वाजता बंद होतात, हेही विचारा. वीज १२७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, पिना चपट्या. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना गावदेवी मार्केटमधला साधा अडॅप्टर पुरतो. आपली २३० व्होल्टची किटली मात्र नेऊ नका. व्होल्टेज जवळपास निम्मं झालं की उष्णता निम्मी होत नाही, ३० टक्क्यांवर येते. १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम ४५० वॉटची होते आणि चहाचं आधण येईपर्यंत चहाची तल्लफ निघून जाते.

आता सारगॅसम. सगळ्यात जास्त हिरमोड याच गोष्टीने होतो. हे तपकिरी, तरंगणारं समुद्री शेवाळ. २०११ पासून ते अटलांटिकमधून ढिगांनी कॅरिबियन किनाऱ्यांवर येऊ लागलं. जोर साधारण एप्रिल ते ऑगस्ट, पण वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून लागला की त्याआधी-नंतरही येतं. पाण्यात असताना नुसतं घाण दिसतं. वाळूवर साचून कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. याच वायूने चांदी काळी पडते, त्यामुळे पैंजण-जोडवी घरीच ठेवलेली बरी. एसीची तांब्याची कॉइलही त्याने खराब होते. मोठ्या हॉटेलांना समुद्रात तरंगते अडथळे बांधणं परवडतं. छोट्या हॉटेलात चार माणसं पहाटे दाताळं आणि हातगाडी घेऊन उतरतात, आणि माल जास्त आला तर दुपारपर्यंत हरतात. वेबसाइटवरच्या फोटोंवर जाऊ नका. रिसेप्शनला सांगा, ‘आज सकाळचा किनाऱ्याचा व्हिडिओ पाठवा.’ जे पाठवायला खळखळ करतात, त्यांचं उत्तर त्यातच आलं. शेवाळाच्या दिवसांतच जायचं असेल तर इस्ला मुहेरेस बेटाचा उत्तरेकडचा किनारा किंवा कोसुमेल बेटाची पश्चिम बाजू त्यामानाने सुरक्षित. बाकालारच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात हा प्रश्नच नाही.

आपल्या शाळांच्या सुट्ट्या इथे दोन्ही वेळा चुकीच्या पडतात. मे महिना शेवाळात जातो. दिवाळी चक्रीवादळांच्या हंगामाच्या शेपटीला येते. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. १९८८ च्या सप्टेंबरमधलं गिल्बर्ट आणि २००५ च्या ऑक्टोबरमधलं विल्मा, दोन्ही याच किनाऱ्यावर आदळली होती. या दिवसांत जाणार असाल तर विमा बुकिंगबरोबरच काढा. वादळाला नाव पडल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत. सगळ्यात चांगले महिने जानेवारी ते मार्च. भाडंही तेव्हाच चढं असतं, त्याला इलाज नाही.

खोली निवडताना ‘जंगल साइड’ हे शब्द नीट वाचा. किनाऱ्याला समांतर एकच रस्ता आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडी. झाडीकडची खोली स्वस्त असते, सावलीची असते, आणि डासांचीही असते. मच्छरदाणी आहे का विचारा, डेंग्यू तिथेही आहे. समुद्राकडची खोली घेतलीत तर लक्षात ठेवा, हा पूर्वेचा किनारा. कोकणासारखा समुद्रात मावळणारा सूर्य इथे दिसणार नाही. तो पाण्यातून उगवतो आणि पडदे पातळ असतील तर सकाळी लवकरच उठवतो. मे ते ऑक्टोबर कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री वाळूवर दिवे आणि खाटा नकोत असा नियम असतो. अंधार दिसला म्हणून तक्रार करू नका.

दर बहुधा डॉलरमध्ये आणि कर सोडून लिहिलेले असतात. २५० डॉलरच्या खोलीवर १६ टक्के व्हॅट धरला की २९० होतात. त्यावर राज्याचा निवास कर, काही ठिकाणी १०-१५ टक्के सेवा शुल्क, म्हणजे ३०० ते ३४० च्या दरम्यान तयारी ठेवा. ‘सगळे कर धरून एकूण किती?’ हे लेखी घ्या. कार्ड मशीन किंवा एटीएमने ‘रुपयांत आकारू की पेसोत?’ विचारलं तर पेसो निवडा, रुपयांतला दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

शाकाहारी मंडळींनी राजम्यासारख्या घोटलेल्या बीन्सपासून सावध राहावं. त्यात डुकराची चरबी, म्हणजे ‘मान्तेका’, सर्रास असते. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. मक्याची तोर्तिया, म्हणजे तिथली पोळी, बिनधास्त खा, गव्हाच्या तोर्तियात चरबी असू शकते. ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’, म्हणजे चरबी नको, कोंबडीचं पाणी नको, हे पाठच करा. छोट्या हॉटेलाचा फायदा इथे दिसतो: आदल्या रात्री सांगितलं तर स्वयंपाकी नोपाल, म्हणजे निवडुंगाची पानं, परतून देतो.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेतून विमान बदलायचं असेल तर मात्र नुसतं बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. मुंबईहून थेट विमान नाही. तुलुमचा स्वतःचा विमानतळ डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, तरी उड्डाणं कानकूनलाच जास्त. तिथून गाडीने दीड-दोन तास. हॉटेलकडूनच गाडी ठरवा, कारण तुलुमच्या टॅक्सीला मीटर नसतो आणि भाडं चेहरा बघून सांगतात. विमान रात्री उतरत असेल तर पोहोचायची वेळ आधी कळवा. बऱ्याच छोट्या हॉटेलांत रात्री रिसेप्शनला कोणी नसतं, पहारेकऱ्याकडे चावी ठेवलेली असते, आणि त्याला इंग्रजी येत नाही. नाव आणि बुकिंग नंबर स्पॅनिशमध्ये लिहून मोबाइलवर तयार ठेवा.