मुडदूस हटत नसेल तर आधी फॉस्फरस, मग जनुक

दोन-तीन वर्षांच्या पोराचे पाय फेंगडे दिसतात, मनगटं रुंद होतात. ‘ड’ जीवनसत्त्व सुरू होतं आणि बहुतेकदा तेच बरोबर असतं. या वयात रोज ३००० ते ६००० युनिट, सोबत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, असं तीन महिने नेमाने दिलं की साध्या मुडदुसात मनगटाच्या एक्स-रेवर फरक दिसतो. दिसला नाही, तर सहा लाख युनिटचं आणखी एक इंजेक्शन हा उपाय नव्हे. जादा डोसाने रक्तातलं कॅल्शियम चढतं, किडनीत साचतं, आणि हाडं मऊची मऊच राहतात.

इथे फॉस्फरस बघायचा. लहान मुलाचा फॉस्फरस मोठ्यांपेक्षा जास्त असतो; दोन वर्षांच्या पोराचा शंभर मिली रक्तात साधारण ३.८ मिलिग्रॅमच्या वरच हवा. पण रिपोर्टवर बरेचदा मोठ्यांची २.५ ते ४.५ हीच मर्यादा छापलेली असते. २.८ आला की ‘नॉर्मल’ म्हणून कागद घडी होतो. आजार निसटतो तो इथे.

दुसरी गफलत नमुन्याची. चोपड्याला किंवा शहाद्याला काढलेलं रक्त यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करताच जळगाव-धुळ्याला गेलं, तर वैशाखाच्या उन्हात पेशींमधला फॉस्फरस बाहेर झिरपतो आणि आकडा खोटा वाढतो. रक्त उपाशीपोटी काढावं, तासाभरात सीरम (वरचं पातळ पाणी) वेगळं करावं. त्याच वेळी लघवीचा नमुनाही घ्यावा. रक्त आणि लघवी दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (किडनीतून बाहेर पडणारा स्नायूंचा टाकाऊ पदार्थ), म्हणजे चार आकडे. लघवीचा फॉस्फरस गुणिले रक्ताचं क्रिएटिनिन. त्याला रक्ताचा फॉस्फरस गुणिले लघवीचं क्रिएटिनिन याने भागायचं. समजा फॉस्फरस आणि क्रिएटिनिन रक्तात २.६ आणि ०.३, लघवीत ६० आणि ३०. उत्तर ०.२३, म्हणजे गाळलेल्या फॉस्फरसपैकी २३ टक्के लघवीत गेला, किडनीने ७७ टक्केच परत ओढला. रक्तात इतकी टंचाई असताना ९५ टक्क्यांच्या आसपास ओढायला हवा होता. किडनी गळते आहे.

कॅल्शियम ठीक, फॉस्फरस कमी आणि गळती, असं चित्र असेल तर पहिला संशय एक्स गुणसूत्रावरच्या ‘फेक्स’ जनुकावर. हे जनुक १९९५ मध्ये सापडलं. ते बिघडलं की हाडांतून ‘एफजीएफ-२३’ हे संप्रेरक जास्त स्रवतं आणि किडनीला फॉस्फरस सोडायला लावतं. आजारी बापाकडून हा आजार सगळ्या मुलींना जातो, मुलाला एकाही नाही. आजारी आईकडून प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. आणि आपल्या वंशावळीत मुलींची नावंच नसतात! म्हणून आजोळची चौकशी करा: आईचे वडील बुटके होते का, मावशीचे पाय वाकडे आहेत का, न किडलेल्या दातांच्या मुळाशी कुणाला पू होतो का. अर्थात काही मुलांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो.

कॅल्शियमच कमी, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइडचं संप्रेरक) खूप वाढलेलं, कधी झटके, आणि आईवडील ठणठणीत, हे चित्र वेगळं. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात ‘ड’ सक्रिय करणाऱ्या जनुकाची (सीवायपी२७बी१) एकेक बिघडलेली प्रत दोघांकडूनही येऊ शकते. इथे कॅल्सिट्रिऑलने (‘ड’ च्या सक्रिय रूपाने) पोर सुधारतं, म्हणून हा फरक ओळखणं फार मोलाचं.

जनुक तपासणीला जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २-३ मिली रक्त लागतं. ते गोठवू नये. ही नळी शेवटी भरा. तिचा थेंब दुसऱ्या नळीत गेला तर कॅल्शियम खोटं कमी येतं. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं वाचण्यात) जनुकाचा मोठा तुकडा गळालेला निसटू शकतो, त्यामुळे ‘काही सापडलं नाही’ म्हणजे आजार नाही असं नव्हे. अर्थ न लागलेला बदल आला तर आईवडिलांचंही रक्त तपासून घ्या.

‘फेक्स’च्या आजारात फॉस्फेट, त्यातला फॉस्फरस मोजून, वजनाच्या किलोमागे रोज २० ते ६० मिलिग्रॅम, दिवसातून चार ते सहा वेळा विभागून देतात. दुधासोबत कधीच नको. कॅल्शियम त्याला बांधून टाकतं. एकदम जास्त दिलं तर जुलाब होतात. कॅल्सिट्रिऑलशिवाय नुसतं फॉस्फेट दिलं तर पीटीएच चढतं. २०१८ पासून अमेरिका-युरोपात ‘एफजीएफ-२३’ ला अडवणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शनही मंजूर आहे.

घरातला बदल एकदा कळला की सासरी गेलेल्या आजारी बहिणीला तो कागद पोचवा. तिच्या बाळाचा फॉस्फरस पहिले काही महिने नॉर्मल दिसू शकतो. जनुकाची तपासणी मात्र जन्मल्याबरोबर करता येते, आणि औषध पाय वाकण्याआधी सुरू होतं.