अकरावी पिन

गुढीपाडव्याला माझा दिवस पहाटे चारला उजाडतो. नऊवारी नेसवून देणं हे माझं काम, आणि त्या दिवशी शोभायात्रेच्या आधी सात जणी उरकायच्या होत्या. चौथी बाणेरची. नवरा चाकणला कारखान्यात, दोघंही जपानचे. तिला शोभायात्रा बघायची होती, पण नऊवारी नेसूनच.

लक्ष्मी रोडवरून आणलेली सेमी पैठणी तिने पुढे केली. मी सवयीने पिनांची डबी उघडली. खांद्याला, पदराला, ओच्याला, कासोट्याला... ती आरशात बघून मोजत होती. अकराव्या पिनेला तिने माझा हात धरला आणि विचारलं, तुझी आजीही इतक्या पिना लावायची? आम्हा दोघींचं इंग्लिश एकाच इयत्तेतलं, त्यामुळे गैरसमजाला वाव नव्हता.

माझी आजी मुळशीकडची. कासोटा घालून आवणीच्या चिखलात दिवसभर वाकायची. पिन तिच्या लेखी पायातला काटा काढायला.

पिना आल्या त्या या असल्या कापडामुळे. ते निसटतं, सूत सुताला धरून राहतं. माझ्या पिशवीत इरकली लुगडं होतं, काम संपल्यावर मीच नेसणार होते. सुती अंग, लाल रेशमी पदर. तेच काढलं.

निऱ्या घालताना ती किमोनोचं सांगत होती. त्यालाही बटण नाही की पिन नाही. नाड्या बांधायच्या आणि वर ओबीचा रुंद पट्टा. मात्र डावी बाजू उजवीवर यायलाच हवी, उलटं नेसवतात ते मेलेल्या माणसाला. मग काळजीने म्हणाली, यातही तसं काही आहे का? म्हटलं, पदर उजव्या खांद्यावरून पुढे आला तर फार तर गुजराती दिसशील. (विधवांना नेसवायच्या आलवणाचा विषय काढला नाही. सणाच्या सकाळी कशाला?)

नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. परकर नाही, नाडी नाही. सगळा भार कमरेच्या एका गाठीवर. ती गाठ मी आजीसारखी मारली, श्वास सोडायला लावून. काठ दोन पायांतून मागे घेतला, पाठीच्या कण्याच्या रेषेत खोचला. गिऱ्हाइकं या वेळी हमखास मोबाइल बघायला वाकतात. ही खांबासारखी उभी. "बस," म्हटलं, तर मांडी घालून बसली, उठली. काही हललं नाही. बाथरूमचं सगळ्याच विचारतात, तिनेही विचारलं. कासोटा सोडून परत खोचायचा सराव दोनदा करून घेतला. यात अर्धा तास गेला आणि पाचव्या बाईच्या शिव्या खाल्ल्या. मी स्वतः दिवसभर पंजाबी ड्रेसवर.

दुपारी तिचा फोटो आला. डेक्कनजवळ नवऱ्याच्या स्कूटरवर, कासोट्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत.

रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल. घाबरून उचलला. गाठ सुटत नव्हती. घामाने सूत आवळलं होतं आणि नवरा बिचारा चष्मा कपाळावर चढवून, हातात जेवणाचा काटा घेऊन गुडघ्यांवर बसला होता.

"काटा नको," मी ओरडले, "लुगडं माझं आहे!"