निरीक्षण वही आणि बिटोचा डाग

मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत एका पोराला खिडकीपाशी उभं करून त्याचे डोळे पाहत होते. "सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढतोय, तुमचं मनोगत पाहिजे." काय लिहायचं हे तिथंच ठरलं, कारण पोराला उजेडाकडे तोंड करून उभं करायला मी शिकले ती मेडिकल कॉलेजात नाही, आपल्या शाळेत.

आमचे विज्ञानाचे सर सातवीला निरीक्षण वही ठेवायला लावत. पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'दिसले ते', उजवीकडे 'वाटले ते'. डावी बाजू त्याच दिवशी भरायची, उजवी दुसऱ्या दिवशी. पऱ्हाटीच्या पानाखालची अळी असो की शाळेमागच्या डोहाचं पाणी, नियम एकच. घाई करून उजवीकडे लिहिलं की सर वही परत करत.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमी संध्याकाळी चालायच्या. तट्टपट्टीवर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण दिवेलागणीला झेंड्याच्या ओट्याला धडकली आणि गुडघा फोडून घेतला. पोरं हसली. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांनी तिच्यापुढे जमिनीवर खडू ठेवला आणि उचलायला सांगितला. आम्हाला तो स्वच्छ दिसत होता. ती माती चाचपडत राहिली.

"काहून सांगितलं नाही बेटा?"

"माय म्हणते, मोठी झाली का जाईल आपोआप."

सकाळच्या एसटीनं सर तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेले, सोबतीला मला. डॉक्टरसाहेबांनी तिला दारात आणून नाकाकडे बघायला सांगितलं आणि मलाही वाकून बघ म्हणाले. बुबुळाच्या बाजूला, कानाकडच्या अंगाला, पांढऱ्यावर साबणाचा फेस सुकून बसावा तसा तिकोनी ठिपका होता. "बिटोचा डाग," ते म्हणाले. मी वहीत डावीकडे ठिपक्याचं चित्र काढलं आणि खाली 'बिटो' लिहिलं. मला वाटलं हे रोगाचंच नाव असेल.

'अ' जीवनसत्त्वाचं औषध दोन दिवस ओळीनं आणि पुन्हा दोन आठवड्यांनी दिलं. शेवग्याचा पाला, पपई, पालक खा म्हणाले. तालमीला ती आठवडाभरात पहिल्या रांगेत नाचत होती. ठिपका मात्र बरेच दिवस राहिला. मोठ्या मुलांत तो कधी कधी राहतो, हे मला फार पुढे कळलं.

नागपूरला मेडिकलला नेत्रविभागाच्या तासाला तेच चित्र पडद्यावर आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पिअर बिटो हा फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला डॉक्टर. रातांधळेपणा असलेल्या रुग्णांच्या डोळ्यांत हा ठिपका असतो, हे त्यानं १८६३ साली लिहून ठेवलं. हा ठिपका ज्याच्या कमतरतेनं पडतो त्या 'अ' जीवनसत्त्वाचा शोध लागला १९१३ साली. म्हणजे पन्नास वर्षं त्याच्या पानाची उजवी बाजू कोरीच होती. तरी डावी खरी होती म्हणून ती आपल्या गावातल्या पोरीपर्यंत पोचली.

त्यानंतर माणसांची नावं असलेली लक्षणं मला घोकावी लागली नाहीत. न्यूयॉर्कचा बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉपलिक यानं १८९६ साली गोवराच्या मुलांच्या गालाची आतली बाजू पाहिली. अंगावर पुरळ उठण्याआधीच दाढांसमोर, लाल जागेवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके. आपल्याकडे 'माता आली' म्हणून पोराला दवाखान्यात आणत नाहीत, तिथं हे एक-दोन दिवस फार मोलाचे. मी आजही बॅटरी बाजूला ठेवून पोराला उन्हात नेते आणि गाल उलटून पाहते.

पण याच नावांचा आडोसाही होतो, आणि त्याचं मला वाईट वाटतं. शिकत असताना एका वॉर्डात क्षयाला सगळे 'कॉक्स' म्हणायचे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, त्यांचं ते नाव. रुग्णासमोर टीबी म्हणायला नको म्हणून ते वापरायचं. एक बाई तीन दिवस पोराच्या उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी तिनं माझा हात धरला, "डॉक्टरीनबाई, हा कॉक्स का असते? बरा होते का?" तीन दिवस कुणीच तिला तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं. मीही नाही.

हॅन्सन या नावाचं आणखी वेगळं. नॉर्वेतल्या बर्गेनला गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. 'महारोग' ऐकून माणूस खचतो, घरचे ताट वेगळं काढतात, म्हणून केसपेपरवर 'हॅन्सन' लिहिलेलं मला पटतं. पण याच हॅन्सननी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिला न विचारता कुष्ठाचं द्रव्य टोचलं. १८८० साली कोर्टानं त्यांना दोषी धरलं आणि रुग्णालयातलं पद गेलं. तिचं नाव कारी नील्सदात्तर. ते कुठल्या रोगाला दिलेलं नाही, म्हणून मी इथं लिहिते. आणि आपल्या वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली संस्था काढली तिचं नाव 'महारोगी सेवा समिती' ठेवलं. शब्द लपवला नाही, त्या माणसांना जमीन, काम आणि घर दिलं. म्हणून केसपेपरवर मी काहीही लिहिलं, तरी समोरच्या बुढ्याला बसवून सांगते, "बाबा, हा कुष्ठरोग आहे. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर न चुकता घ्यायच्या, म्हणजे बरा होतो."

सर आता नाहीत. माझी ती वही दोन पावसाळ्यांत भिजली, पण ठिपक्याचं पान शाबूत आहे. कार्यक्रमाला येताना आणीन.

यंदाच्या आरोग्य तपासणीला मी स्वतः येणार आहे. सातवीच्या वर्गात पूर्वेच्या खिडकीपुढचं कपाट तेवढं हलवून ठेवा. पोरांना मी तिथंच उभं करणार.