पोझनानचा खसखशीचा रोगाल: जाण्याआधी हे वाचा

पोलंडमध्ये वॉर्सॉहून पोझनानला रेल्वेने साधारण तीन तास लागतात. तिथला 'रोगाल श्फ्येन्तोमार्चिन्स्की', म्हणजे खसखशीचे सारण भरलेला चंद्रकोरीच्या आकाराचा पापुद्र्यांचा गोड पदार्थ, वर्षभर मिळतो, पण त्याचा खरा दिवस 11 नोव्हेंबर, म्हणजे संत मार्टिनचा सण. त्याच दिवशी पोलंडचा स्वातंत्र्यदिनही असल्याने बहुतेक दुकाने बंद असतात आणि मिठाईवाल्यांकडे लांब रांगा लागतात. सणाची मिरवणूक पाहायची असेल तर त्या दिवशी जा. नुसते खायचे असेल तर दोन दिवस आधी गेलेले बरे.

2008 पासून या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे दुकानात प्रमाणपत्र लावलेले आहे ना, ते आधी पाहा. अस्सल रोगाल 150 ते 250 ग्रॅमचा असतो आणि बहुधा वजनावर विकतात. दोघांत एक पुरे.

सारणात पांढरी खसखस असते, आपण अनारशाला लावतो तीच. ती गरम पाण्यात भिजवून वाटतात आणि तिच्यात साखर, सुकामेवा, मनुका, पाकवलेली संत्र्याची साल, केकचा चुरा आणि अंडे घालतात. सारण सैल राहिले तर भाजताना फुटून बाहेर येते. चुरा ओल शोषतो तो याचसाठी. यीस्टच्या पिठात मार्गारिनचा (लोण्याऐवजी वापरायच्या वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थाचा) थर देऊन ते पुन्हापुन्हा घडी घालून लाटतात. मार्गारिन गार नसेल तर ते पिठात मुरते, पापुद्रे सुटत नाहीत आणि हाती निव्वळ गोड पाव येतो.

कापून पाहा: सारण टोकापर्यंत आणि फिकट बदामी रंगाचे हवे. काळसर ठिपके दिसले तर खसखस निळी आहे, तो घेऊ नका. त्याच दिवशी खा. प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या साखरेला पाणी सुटते, म्हणून खोकाच मागा. अंडे न खाणाऱ्यांना हा चालणार नाही.

रोगाल संग्रहालयात तो करून दाखवतात. इंग्रजीतली प्रात्यक्षिके मोजकीच असतात, जागा आधी राखून ठेवा. पत्ता मुख्य चौकातला असला तरी आत जायची वाट क्लाश्तोर्ना रस्त्यावरून आहे.

दुबई-अबुधाबीमार्गे परतणाऱ्यांनी सोबत एकही रोगाल ठेवू नये. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. बॅगेत सांडलेले कणही झटकून टाका.