वर्गात वेब फीड वापरताना: माझा अनुभव

मी माध्यमिक शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवते. या दोन्ही विषयांत पाठ्यपुस्तक छापून झाल्यावरही नवे काही घडत राहते. भूकंप होतात, अवकाशयाने झेपावतात, जुनी मोजमापे सुधारली जातात. हे सारे वर्गापर्यंत वेळेवर पोहोचावे म्हणून मी कित्येक वर्षे एकच उपाय करत होते. सुट्टीच्या दिवशी वीस-बावीस संकेतस्थळे एकामागून एक उघडायची, नवीन काही आले आहे का ते पाहायचे आणि उपयोगी वाटेल ते वहीत टिपून घ्यायचे. त्यांतील बहुतेक संकेतस्थळांवर त्या आठवड्यात काहीच बदललेले नसे. दोन तास खर्ची पडत आणि हाती जेमतेम तीन-चार नोंदी लागत. एका सहकारी शिक्षिकेने मला वेब फीडची ओळख करून दिली ती याच काळात.

वेब फीड ही संकेतस्थळाने आपल्या नव्या मजकुराची ठेवलेली यादी असते. प्रत्येक नोंदीला शीर्षक, दुवा, तारीख आणि बहुधा थोडक्यात आशय जोडलेला असतो. ही यादी माणसाने थेट वाचण्यासाठी नसून फीड रीडर या प्रोग्रामसाठी असते. तो ठराविक वेळाने आपण जोडलेल्या सर्व याद्या तपासतो आणि जे नवे असेल तेवढेच आपल्यासमोर मांडतो. आरएसएस हा फीडचा सर्वांत परिचित प्रकार १९९९ साली नेटस्केप कंपनीत आकाराला आला, त्याची आज सर्वत्र दिसणारी २.० ही आवृत्ती २००२ साली आली आणि ॲटम नावाचा दुसरा प्रकार २००५ साली प्रमाणित झाला. शिक्षकाला या दोहोंतील फरकात शिरण्याचे कारण नाही, कारण कोणताही चांगला रीडर दोन्ही वाचतो. मला मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून महत्त्वाची वाटत आली आहे. विचारणा रीडरकडून होते, त्यामुळे संकेतस्थळाला माझा ईमेल पत्ता द्यावा लागत नाही. पुढे वर्गातल्या संगणकावर हेच सुरू करताना एकाही विद्यार्थ्याचे नाव कोठे नोंदवावे लागले नाही, हा माझ्या दृष्टीने फार मोठा दिलासा होता.

सुरुवातीला मी गूगल रीडर वापरत असे. ती सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तिची पूर्वसूचना मार्चमध्येच मिळाली होती, त्यामुळे माझ्या फीडची यादी ओपीएमएल स्वरूपातील एका फाइलमध्ये उतरवून घ्यायला पुरेसा वेळ मिळाला. ती फाइल दुसऱ्या रीडरमध्ये घातली आणि काही मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. तेव्हापासून प्रत्येक सत्राच्या शेवटी ही फाइल मी जपून ठेवते.

खरी अडचण पुढे आली, आणि तिचे कारण माझा उत्साह हेच होते. फीड जोडायला काहीच कष्ट पडत नाहीत. अनेक संकेतस्थळांच्या पत्त्यापुढे ‘फीड’ हा शब्द जोडला तरी यादी सापडते, आणि बऱ्याच रीडरमध्ये नुसता संकेतस्थळाचा पत्ता दिला तरी बाकीचे काम तो स्वतः करतो. दोन महिन्यांत माझ्याकडे शंभराहून अधिक फीड जमले. सकाळी रीडर उघडला की न वाचलेल्या नोंदींचा आकडा तीन अंकी दिसे, आणि जे काम हलके व्हावे म्हणून मी हा मार्ग धरला होता तेच काम अधिक जड झाले. सामान्य विज्ञानवार्ता देणारे फीड दिवसाला तीस-चाळीस नोंदी पाठवत. महिन्यातून एकदाच लिहिणारा, पण माझ्या विषयाचा नेमका अभ्यासक असलेला एखादा भूशास्त्रज्ञ त्या गर्दीत दिसेनासा होई.

मग मी वार्षिक नियोजनाची वही उघडून बसले आणि प्रत्येक फीडसमोर, तो कोणत्या घटकासाठी आणि कोणत्या महिन्यात लागेल, हे लिहू लागले. ज्यांच्यासमोर काहीच लिहिता आले नाही ते काढून टाकले. सत्तरच्या आसपास फीड अशा रीतीने गेले. उरलेल्यांचे मी घटकांनुसार फोल्डर केले आणि जो घटक चालू असेल तेवढाच फोल्डर रोज पाहायचा, असे ठरवले. माझ्या मते शिक्षकाने फीडकडे विषयानुसार न पाहता घटकानुसार पाहावे. ‘भूगोल’ नावाचा फोल्डर कधीच वाचून संपत नाही. ‘भूकंप आणि ज्वालामुखी, दुसरे सत्र’ हा फोल्डर मात्र सकाळच्या पंधरा मिनिटांत वाचून होतो आणि त्यातले काहीतरी त्याच दिवशीच्या तासाला उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. एखाद्या संकेतस्थळाची नव्याने रचना झाली की जुन्या फीडचा पत्ता अनेकदा निरुपयोगी होतो, पण ते ठळकपणे कोणी कळवत नाही. नवे काही आले नाही आणि फीडच मेला आहे, या दोन्ही गोष्टी रीडरमध्ये सारख्याच दिसतात. एका हवामानविषयक फीडबाबत मी जवळजवळ पाच महिने अशीच गाफील राहिले होते. आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक फीडमधील शेवटच्या नोंदीची तारीख मी डोळ्यांखालून घालते.

आतापर्यंतचे सारे माझ्या स्वतःच्या वाचनापुरते होते. फीड वर्गात आणण्याचे धाडस मी भूकंपाच्या घटकापासून केले. अमेरिकेचा भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे यूएसजीएस, जगभरातील भूकंपांचे फीड मोफत पुरवतो. त्यांत मागील एक तास, एक दिवस, सात दिवस आणि तीस दिवस अशी कालावधीनुसार निवड करता येते, आणि ४.५ किंवा त्याहून मोठे भूकंप, २.५ किंवा त्याहून मोठे भूकंप अशी आकारानुसारही. मी ४.५ च्या वरचे आणि मागील एका दिवसातले, असा फीड वर्गातल्या संगणकावर जोडला. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावला, आणि रोज दोन विद्यार्थ्यांनी नव्या नोंदी वाचून अक्षांश-रेखांशांवरून टाचण्या टोचायच्या, असा क्रम ठरवला. फीडमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे ती आपल्या वेळेत बदलून लिहिणे हाही त्या कामाचाच भाग झाला. एरवी या गणितांचा कंटाळा करणारी मुले ती टाचणीसाठी बिनतक्रार सोडवू लागली.

पहिल्या सोमवारीच चूक उघडी पडली. नकाशाच्या वहीत शुक्रवारच्या दुपारनंतर थेट रविवार सकाळच्या नोंदी होत्या, मधला काळ कोराच. संगणक शुक्रवारी बंद झाला तो सोमवारी सुरू झाला, आणि फीडमध्ये फक्त मागील चोवीस तासांच्या नोंदी शिल्लक राहिल्या होत्या. फीड म्हणजे संग्रह नव्हे. जुने मागून गळत जाते आणि रीडर बंद असताना जे गळाले ते हाती लागत नाही. सात दिवसांचा फीड जोडल्यावर हा प्रश्न सुटला.

त्यानंतर काही आठवड्यांनी जे घडले, त्यासाठी मी कोणतीही तयारी केलेली नव्हती. पहिल्या तासाला एका मुलाने वहीत ६.४ असा आकडा लिहून तारीख घातली होती. पाचव्या तासाला दुसऱ्या एका मुलीने तीच नोंद उघडली तेव्हा तेथे ६.२ होते. ठिकाण तेच, वेळ तीच, आकडा वेगळा. त्या मुलाने चुकीचे उतरवले असे सगळ्यांचे म्हणणे पडले आणि तो रडवेला झाला. मी नोंदीच्या दुव्यावरून मूळ पान उघडले. तेथे ‘तपासलेले’ असा शेरा होता; सकाळच्या नोंदीवर संगणकाने आपोआप काढलेला आकडा होता, आणि मधल्या वेळात तज्ज्ञांनी अधिक स्थानकांची माहिती घेऊन तो सुधारला होता. ॲटम फीडमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळखखूण आणि शेवटच्या बदलाची वेळ असते. ओळखखूण तीच राहिल्यामुळे आमच्या रीडरने जुन्या आकड्याच्या जागी नवा आकडा ठेवला होता, काहीही न सांगता.

तो तास मी पुढच्या मुद्द्याकडे नेलाच नाही. भूकंपाची महत्ता, जिला आपण बोलताना सर्रास तीव्रता म्हणतो, एका एककाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे मुलांना पाठ होते. मग दोन दशांशांचा फरक म्हणजे किती, हे फळ्यावर काढले. उत्तर आले जवळपास दुप्पट. वर्ग एकदम शांत झाला. वहीतला ६.४ खोडून टाकायचा का, असे त्या मुलाने विचारले, आणि मी त्याला तसे करू दिले नाही. त्याने त्याच्याच खाली वेळ घालून ६.२ लिहिले. त्या दिवसापासून आमच्या वहीत ‘पहिला आकडा’ आणि ‘सुधारित आकडा’ असे दोन रकाने आहेत. मोजमाप सुधारले जाते आणि सुधारणारा ते उघडपणे नोंदवून ठेवतो, ही गोष्ट मला पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उताऱ्यावरून इतक्या स्पष्टपणे शिकवता आली नसती.

पुढील वर्षी मी फीडचा उपयोग उलट दिशेने केला. विद्यार्थ्यांनी घराभोवतीच्या एका झाडाचे वर्षभर निरीक्षण करून त्याची रोजनिशी ऑनलाइन लिहायची, असा प्रकल्प होता. पालकांच्या संमतीने आणि टोपणनावांनी छत्तीस रोजनिश्या सुरू झाल्या. छत्तीस पाने रोज उघडणे अशक्य होते. छत्तीस फीड एका फोल्डरमध्ये ठेवणे मात्र सहज शक्य होते. यामुळे एक अनपेक्षित लाभ झाला. पानांना वेगवेगळे रंग आणि सजावट होती, पण रीडरमध्ये सगळ्यांचे लिखाण सारख्याच अक्षरांत येई, आणि ज्यांची पाने साधी होती त्यांच्या वाक्यांकडे माझे लक्ष प्रथमच नीट गेले. कोण तीन आठवडे गप्प आहे, हेही लगेच कळू लागले.

याच प्रकल्पात मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा प्रसंग घडला. एका मुलीने रात्री झाडाविषयी लिहिता लिहिता घरातील भांडणाविषयी चार ओळी लिहिल्या आणि सकाळी तो मजकूर काढून टाकला. तिच्या पानावर तो नव्हता. माझ्या रीडरमध्ये जसाच्या तसा होता, कारण रीडर एकदा आणलेल्या नोंदीची प्रत स्वतःकडे ठेवतो आणि मूळ मजकूर काढला तरी ती प्रत बहुधा राहते. मी ते वाचले आहे हे तिला माहीत नव्हते. तिने मागे घेतलेले शब्द माझ्याकडे असणे मला योग्य वाटले नाही, आणि वाचूनही गप्प राहणे शिक्षक म्हणून त्याहून अयोग्य वाटले. मी तिला मधल्या सुट्टीत एकटीला बोलावून घडले ते सांगितले, तिच्यासमोर ती नोंद माझ्या रीडरमधून काढली आणि बोलायचे असेल तर मी आहे, एवढेच म्हणाले. ती त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात बोलली.

प्रकल्पाआधीच हे सगळ्या वर्गाला सांगायला हवे होते. आता मी पहिल्याच तासाला सर्वांसमोर एक नोंद प्रकाशित करते, रीडरमध्ये ती आलेली दाखवते, मूळ पानावरून ती काढून टाकते आणि रीडर पुन्हा उघडते. ती तेथेच असते. त्यानंतर मसुदा आणि प्रकाशन यांतील फरक वेगळा समजावावा लागत नाही. मुले ‘प्रकाशित करा’ या बटणावर बोट ठेवण्याआधी आपले लिखाण पुन्हा वाचताना दिसतात.

या सत्रात माझ्या यादीत चौतीस फीड आहेत, आणि भूकंपाच्या फोल्डरमध्ये त्यांपैकी फक्त पाच. मागच्या महिन्यात शाळेत नव्याने आलेल्या एका शिक्षकांना मी माझी ओपीएमएल फाइल दिली. त्यांनी आठ दिवसांनी तिच्यातील एकोणीस फीड काढून टाकले आणि सागरी प्रवाहांवरचे दोन नवे घातले. त्या दोघांपैकी एक मी माझ्याकडेही जोडला आहे. तो घटक डिसेंबरात येतो.